पुण्यात पळण्यासाठी सुरक्षित मार्ग आणि भरवशाच्या स्थानिक शर्यती

गोदाकाठ

नमस्कार. बदलीमुळे आम्ही नाशिकहून पुण्यात, कर्वेनगरला राहायला आलो आहोत. नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूला माझे पळण्याचे मार्ग ठरलेले होते, रोज भेटणारी माणसे ठरलेली होती आणि कोणत्या वळणावरचा दिवा बंद असतो हेही पाठ झाले होते. येथे सगळेच नवे आहे. मला सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ मिळतो, कारण त्यानंतर मुलीची शाळेची बस आणि माझे कार्यालय असते. मी बहुतेक वेळा एकटीच पळते. आठवड्यातून तीनदा सहा ते आठ किलोमीटर आणि रविवारी थोडे लांब असा क्रम आहे, आणि या हिवाळ्यात पहिली अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे 21 किलोमीटरची शर्यत, करण्याचा विचार आहे.

म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता नकाशात सरळ, सपाट आणि घराजवळ दिसतो. टेकड्याही फार लांब नाहीत. परंतु अंधार, कुत्री आणि वाहनांचा वेग नकाशात दिसत नाही, म्हणून येथे रोज पळणाऱ्यांना विचारत आहे. शिवाय शर्यतींच्या जाहिराती जवळजवळ प्रत्येक रविवारसाठी दिसतात. त्यांतली कोणती नीट आखलेली आहे आणि कोणती केवळ टी-शर्ट व पदक वाटण्यापुरती आहे, हे नवख्या माणसाने कशावरून ओळखावे?

टेकडीवासी

पुण्यात स्वागत. शहरात राहून मातीवर पळण्याचे सुख टेकड्यांमुळे मिळते, त्यामुळे मी आधी टेकड्यांविषयीच लिहितो.

कर्वेनगरहून सर्वांत सोयीची महात्मा टेकडी. गांधीभवनाच्या मागच्या बाजूने वर जाता येते, चढ सौम्य आहे आणि सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी भरपूर असते. पळण्यासाठी अंतर फार मिळत नाही, पण चढाचा सराव होतो. वेताळ टेकडी हा मोठा प्रकार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर, म्हणजे शहरातील सर्वांत उंच जागा. पौड फाट्याजवळून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे वर जाणारा डांबरी रस्ता, विधी महाविद्यालयाच्या मागची वाट, गोखलेनगरची बाजू, पाषाण-पंचवटीची बाजू अशा अनेक दिशांनी लोक चढतात आणि वर खाणीतल्या पाण्याभोवती किंवा वेताळाच्या देवळापाशी एकत्र येतात. वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे मनासारखे दहा-बारा किलोमीटर सहज जुळवता येतात. मोर रोजच दिसतात, हे ओघाने सांगितले.

तळजाई मला पहिल्या काही महिन्यांसाठी सर्वांत योग्य वाटते. राजाराम पूल ओलांडून सहकारनगरच्या बाजूने वर जावे. पाचगाव पर्वतीच्या वनक्षेत्रात फाटकाच्या आत वाहने येत नाहीत, वाट रुंद आहे आणि सकाळी तेथे इतके लोक असतात की एकटेपणा वाटण्याचा प्रश्न येत नाही. रविवारी तर पळण्यापेक्षा माणसे चुकवण्यातच वेळ जातो. दगड मात्र सुटे आहेत. पहिल्या पावसानंतर मुरूम वाहून जातो, मुळे वर येतात आणि घोटा मुरगळतो तो नेमका उतारावर. रस्त्यावरचे गुळगुळीत तळव्याचे बूट घालून पावसाळ्यात टेकडीवर जाऊ नये.

पहाटपक्षी

टेकडीवासी यांची टेकडीवरची माया मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे, परंतु गोदाकाठ ताईंनी दिलेली वेळ त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. साडेपाचला टेकडी चढणे हे वर्षातले काही महिने ठीक आहे आणि काही महिने मुळीच ठीक नाही.

पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या दोन-तीन मिनिटे आधीच उगवतो, आणि त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे वाट दिसण्याइतका उजेड असतो. जानेवारीत मात्र सूर्योदय सात वाजून आठ-दहा मिनिटांनी होतो. म्हणजे उन्हाळ्यात साडेपाचला निघालेली बाई टेकडीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत फटफटलेले असते, आणि त्याच वेळी त्याच दारातून हिवाळ्यात निघाली तर तिचे सगळे पळणे अंधारातच उरकते. अर्धमॅरेथॉनचा सराव तर नेमका ऑक्टोबर ते जानेवारी याच काळात होणार. टेकड्यांवर एकट्यादुकट्याला अडवून लुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत, आणि त्यांत पहाटेची वा सांजेची वेळ आणि निर्मनुष्य वाट या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून मी स्वतः दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत आठवड्यातील दिवसांत टेकडीचे नावही काढत नाही. रविवारी उजाडल्यावर, तेही सोबत असेल तरच जाते.

मार्ग विचारताना आपण जागा विचारतो, पण बायकांनी जागेबरोबर वेळही विचारली पाहिजे असे मला वाटते. तळजाई सहाला भरलेली असते, पाचला नसते. विद्यापीठाचा परिसर सकाळी फिरणाऱ्यांनी गजबजलेला असतो, संध्याकाळी उशिरा त्यातले आतले रस्ते सुनसान होतात. कोणताही नवा मार्ग घेण्याआधी, तुम्ही ज्या वेळी पळणार आहात त्याच वेळी दुचाकीवरून कोणाला तरी बरोबर घेऊन एक फेरी मारावी. दूधवाले कुठे उभे असतात, चहाची कोणती टपरी पाचला उघडते, सोसायट्यांचे रखवालदार जागे असतात का, कोणत्या दवाखान्यात रात्रपाळी आहे, हे बघून ठेवावे. माझा हिवाळ्यातील रोजचा मार्ग अशा चार उघड्या दारांना धरूनच आखलेला आहे. तो मुळीच रम्य नाही, पण अडचण आली तर कोणत्या दारात शिरायचे हे मला माहीत असते.

कानात दोन्ही बाजूंना गाणी लावून पळू नये, हे सांगायला नको. तरी सांगते.

डांबरी

आता रस्त्यांविषयी. माझे सगळे पळणे रस्त्यावरचे आहे आणि मी कोथरूडच्याच बाजूला राहतो.

म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता सपाट आहे हे खरे, पण सकाळी साडेसहानंतर वाहने वेगाने जाऊ लागतात, कारण सिंहगड रस्ता आणि कर्वे रस्ता टाळणारे सगळेच तिकडून येतात. लग्नसराईत दुसरी एक अडचण असते. या रस्त्यावर लॉन आणि मंगल कार्यालये ओळीने आहेत. रात्रीच्या पंगतीचे उरलेले अन्न मागच्या बाजूला टाकलेले असते आणि पहाटे तेथे कुत्र्यांची टोळी जमलेली असते. ती कुत्री एरवी शांत असतात, अन्नाजवळून कोणी पळत गेले की मागे लागतात. नोव्हेंबर ते मे या काळात त्या पट्ट्यात रस्त्याची पलीकडची बाजू धरावी.

नदीपात्रातला रस्ता उन्हाळ्यात मोकळा मिळतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल आणि हा रस्ता पाण्याखाली जातो व बंद होतो. पाणी ओसरल्यावर गाळाचा जो थर उरतो, तो वाळलेला दिसला तरी खाली निसरडा असतो. कर्वेनगरातला कॅनॉल रस्ता लहान फेऱ्यांसाठी चांगला आहे, वस्ती दोन्ही बाजूंना आहे. सिंहगड रस्त्याला समांतर जाणारा मुठा उजव्या कालव्याचा काठ सावलीचा आणि सपाट आहे, परंतु काही भाग वस्तीपासून तुटलेले आहेत, तेथे उजाडल्यावरच जावे.

वेगाचा सराव करायचा असेल तर सारसबागेजवळचे सणस मैदान. तेथे कृत्रिम धावमार्ग आहे, त्यामुळे 400 मीटरच्या फेऱ्या मोजून मारता येतात. आत जाण्याच्या वेळा आणि शुल्क प्रत्यक्ष जाऊनच विचारावे, कारण स्पर्धा असल्या की मैदान बंद असते. कॅम्पात रेसकोर्स आणि एम्प्रेस गार्डनच्या आसपासचे रस्ते रुंद व झाडांचे आहेत आणि लष्करी भाग असल्याने पहाटेही पहारा असतो. तेथे कोणता रस्ता नागरिकांना खुला आहे याची पाटी वाचावी आणि फोटो काढत बसू नये. हडपसरकडे राहणारे मगरपट्ट्याच्या आतल्या रस्त्यांवर पळतात. बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधले गेले, त्याभोवतीचे रस्ते अजूनही त्या भागातल्या धावपटूंचा अड्डा आहेत. तुम्हाला मात्र ही सगळी ठिकाणे रोजसाठी लांब पडतील.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून पळणाऱ्याने उजवीकडून, समोरून येणाऱ्या वाहनांना तोंड देऊन पळावे. मागून येणारा पाण्याचा टँकर दिसत नाही, समोरून येणारा दिसतो. पहाटे टँकर, कचऱ्याच्या गाड्या आणि रिकाम्या रस्त्यावर सुसाट निघालेल्या दुचाक्या या तिघांपासूनच खरा धोका आहे. आंधळ्या वळणावर तेवढी बाजू बदलावी. गडद रंगाचे कपडे घालू नयेत. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट कामगारांच्या सुरक्षेचे सामान विकणाऱ्या दुकानात अगदी स्वस्त मिळते, त्यासाठी खेळाच्या दुकानात जाण्याची गरज नाही.

निगडीकर

पिंपरी-चिंचवडचे कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात भर घालतो. प्राधिकरणातील आतले रस्ते पुण्याच्या मानाने फार रुंद आहेत, पदपथही चालण्याजोगे आहेत. चढ हवा असेल तर दुर्गा टेकडी. भक्ती-शक्ती चौकाजवळून महामार्गाकडे मात्र पळत जाऊ नये, तेथे अवजड वाहने कोणासाठी थांबत नाहीत.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पहाटपक्षी ताई, उघड्या दारांची कल्पना मला फार पटली. या शनिवारी आम्ही दोघे दुचाकीवरून फेरी मारणार आहोत. डीपी रस्त्यावरच्या कुत्र्यांचे वाचून मात्र धास्ती वाटली. कुत्री अंगावर आली तर नेमके काय करावे?

शेपटीवाला

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे आणि रोज पळतोही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

कुत्रे पळत्या वस्तूच्या मागे लागते. ते भुंकत आले की वेग वाढवणे ही सर्वांची पहिली ऊर्मी असते, आणि तीच नेमकी टाळायची असते. पळणे थांबवून चालू लागावे. ते जवळच आले तर उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, पण त्याच्याकडे पाठही करू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरत त्याच्या हद्दीबाहेर पडावे. बहुतेक टोळ्यांची हद्द एखाद्या गल्लीपुरती किंवा एका कचराकुंडीपुरती असते. ती ओलांडली की भुंकणे आपोआप थांबते. खाली वाकून दगड उचलल्यासारखे केले तर बहुतेक कुत्री मागे हटतात, पण पिल्ले असलेली कुत्री हटत नाही, उलट चवताळते. पिल्ले दिसली तर तो रस्ता काही आठवडे सोडून द्यावा. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने आधी चालत गेलात तर टोळी तुम्हाला ओळखू लागते, हा माझा अनुभव आहे.

चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटे धुवावी. हे घरी गेल्यावर सावकाश करण्याचे काम नाही, जवळचा नळ शोधून करायचे काम आहे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करावेत. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. कुत्रे पाळलेले होते, पट्टा होता, जखम लहान होती, ही लस टाळण्याची कारणे नव्हेत.

मैलाचा_दगड

शर्यतींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून सुरू आहे आणि परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. अलीकडच्या वर्षांत ती सणस मैदानाजवळून सुटून सिंहगड रस्त्याने नांदेड सिटीकडे जाऊन परतते. हा तुमच्या घराजवळचाच भाग असल्याने मार्गाचा सराव आधी करता येईल. हिवाळ्यात बालेवाडीहून निघणारी पुणे हाफ मॅरेथॉनही पहिल्या अर्धमॅरेथॉनसाठी लोक निवडतात. मुंबईची टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिची अर्धमॅरेथॉन माहीमहून सुटते आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाते. पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्याला मुंबईचा दमटपणा जड जातो, तेव्हा पहिलीच शर्यत तेथे करावी असे मी म्हणणार नाही. शिवाय तेथे नोंदणी काही महिने आधीच होते.

लहान शर्यतींचे म्हणाल तर जाहिरातीतल्या पदकाच्या चित्राकडे पाहू नये, नियमांचे पान वाचावे. मार्गाचा नकाशा दिलेला आहे का, की केवळ सुटण्याचे ठिकाण दिले आहे? पाण्याची ठिकाणे किती अंतरावर आहेत? आपल्या हवेत दोन-अडीच किलोमीटरवर पाणी असावे असे मी धरतो. रुग्णवाहिका किती आणि कोठे उभ्या असणार? शर्यत किती वेळाने बंद होणार? कारण तुम्ही सावकाश पळणार असाल तर बंद होण्याची वेळ तुमच्यासाठी वेगापेक्षा महत्त्वाची आहे. रस्ता वाहनांना पूर्ण बंद असणार, की एक बाजू चालूच राहणार? हा शेवटचा प्रश्न आयोजकांना लेखी विचारावा. जो आयोजक उत्तर देत नाही, त्याच्या शर्यतीला मी जात नाही, मग शुल्क कितीही कमी असो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. अर्धमॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. चांगल्या शर्यतीचा मार्ग मोटारीच्या मीटरने किंवा मोबाइलने मोजत नाहीत, सायकलने मोजतात. पुढच्या चाकाच्या आसाजवळ फेऱ्या मोजणारे जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र बसवतात, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल आधी चालवून यंत्राचा आकडा पक्का करतात, आणि मग धावपटूला कायदेशीरपणे घेता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून 30 सेंटीमीटर आत राहून मार्ग मोजतात. त्यावरही मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून हजारी एक इतके अंतर वाढवतात. अर्धमॅरेथॉनला ते 21 मीटर होते. ‘एम्स’ या मॅरेथॉन शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे किंवा जागतिक ॲथलेटिक्सचे मापन-प्रमाणपत्र असलेल्या शर्यतीत हे सर्व केलेले असते. गल्लोगल्लीच्या शर्यतींत ते बहुतेक नसते, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तेथली वेळ इतरांच्या वेळेशी ताडून पाहू नये.

डांबरी

मैलाचा_दगड, एक शंका. प्रमाणित मार्गावरही माझ्या घड्याळात दर वेळी 21.3 किंवा 21.4 भरतात. मग मार्ग लांब धरायचा की घड्याळ चुकीचे?

मैलाचा_दगड

दोन्हीही नाही. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण त्या रेषेने पळत नाही. पाण्यासाठी एका कडेला जातो, समोरच्याला ओलांडताना बाहेर पडतो, वळण रुंद घेतो. त्यातच उंच इमारतींमधून व झाडांखालून उपग्रहाचा संकेत इकडेतिकडे भरकटतो आणि घड्याळ आपल्याला नागमोडी पळवते. म्हणून शर्यतीत किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ ताडावी, घड्याळाच्या अंतरावर नव्हे. घड्याळात 21 पूर्ण झाले म्हणून शेवटच्या टप्प्यात जोर काढणारे नेहमी दोन-तीनशे मीटर आधीच ढेपाळतात.

यवतेश्वर

साताऱ्याचे नाव घेतल्याशिवाय हा धागा पूर्ण कसा व्हावा? सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते आणि पुण्याचे असंख्य लोक तिला येतात. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचे आणि वळसा घेऊन तोच घाट उतरून परत यायचे. पावसाळ्याच्या अखेरचे दिवस असल्याने कधी धुके, कधी भुरभुर, कधी लख्ख ऊन, एकाच सकाळी तिन्ही मिळू शकतात. गावातले लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून ओरडतात, ढोल-ताशे वाजवतात. चढावर पाय उचलत नाहीत तेव्हा ते ढोल कामाला येतात.

पहिली अर्धमॅरेथॉन येथे करू नये असे पुष्कळ जण सांगतात. मी म्हणेन की जरूर करावी, पण वेळेची आशा सोडून. शिवाय चढाची भीती सर्वांनाच असते, पण खरा घात उतारावर होतो. घाट जोरात उतरलात तर पुढचे काही दिवस जिना उतरताना मांड्या तुमची आठवण काढतील. त्यासाठी सरावात उतारही पळायला हवा. पुणेकरांना सिंहगडाचा घाटरस्ता आणि एआरएआयचा चढ यासाठी उत्तम आहेत. सिंहगडावर पावसाळ्यात दरडी पडतात, तेव्हा घाट सुरू आहे का हे विचारून निघावे आणि रविवारी मोटारींची रांग लागण्याआधी खाली उतरावे. शर्यतीची नोंदणी लवकर भरते. मुक्कामाची सोय तर नोंदणीच्याच दिवशी करावी, कारण कासला फुलांचा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो आणि साताऱ्यातली हॉटेले पर्यटकांनी भरलेली असतात.

तहानलेला

मैलाचा_दगड यांनी पाण्याविषयी लिहिले, त्याला दुजोरा देतो. पुण्याजवळच्या एका शर्यतीत, नाव लिहीत नाही, मागून येणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन ठिकाणी पाणीच शिल्लक नव्हते. टेबले होती, स्वयंसेवक मुले होती, रिकामी खोकी होती. ती मुले बिचारी ओशाळून “काका, पुढे मिळेल” म्हणत होती आणि पुढेही नव्हते. शेवटी एका पंक्चरवाल्याच्या माठातले पाणी आम्ही सात-आठ जण प्यालो. आयोजकांना पत्र पाठवले, उत्तर आले नाही. तेव्हापासून शर्यत कितीही नावाजलेली असो, मी कमरेला अर्ध्या लिटरची बाटली बांधूनच पळतो. मागून पळणाऱ्या सर्वांनी तसे करावे, कारण जे काही संपते ते आधी मागच्यांचे संपते.

पहाटपक्षी

त्यात एक जोड देते. बाटली आहे म्हणून प्रत्येक किलोमीटरला नुसते पाणी पीत राहणेही बरे नाही. दोन-तीन तास घाम गाळताना केवळ पाणीच भरपूर प्यायले तर रक्तातील सोडियम उतरते, मळमळते, गरगरते, आणि पळणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले म्हणून तो आणखी पितो. तहान लागेल तसे प्यावे आणि मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत असू द्यावे. पाण्याच्या ठिकाणी टेबलावर मिठाचे खडे आणि संत्र्याच्या फोडी ठेवणारा आयोजक मला नेहमीच जाणकार वाटतो.

खिडकीतून

हिवाळ्याच्या हवेचा उल्लेख राहिला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकून बसते, धूर वर जात नाही. त्यात पालापाचोळा जाळणे आणि रखवालदारांच्या शेकोट्या. नदीकाठच्या सखल भागात तर पिवळ्या दिव्याखाली धुराचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेवर शहरातल्या वेगवेगळ्या भागांतील हवेचे आकडे मिळतात. मला दमा आहे, त्यामुळे मी ते पाहूनच बूट बांधतो. आकडे वाईट असतील त्या दिवशी वेगाचा सराव करत नाही, उजाडल्यावर उंचावरच्या भागात सावकाश पळतो.

टेकडीवासी

पहाटपक्षी यांनी वेळेविषयी लिहिलेले मान्य आहे. हिवाळ्यात आठवड्यातील दिवशी टेकडी नको, हे मीही सुचवायला हवे होते. त्याला एक पर्याय आहे. तळजाईवर आणि विद्यापीठात पळणाऱ्यांचे छोटे गट आपसूक तयार झालेले आहेत. कोणाची वर्गणी नाही, गणवेश नाही. लागोपाठ काही रविवार एकाच वेळी एकाच ठिकाणी गेलात की कोणीतरी “आज किती?” असे विचारतेच. तेथून पुढे तुमच्या वेगाची एक-दोन माणसे मिळतात. प्रशिक्षक असलेले सशुल्क गटही पुष्कळ आहेत. त्यांत जाण्याआधी एवढेच पाहावे की सर्वांत सावकाश पळणाऱ्याबरोबर कोणी थांबते का, की पुढचे पळून जाऊन नाश्त्याला बसलेले असतात.

कडीकुलूप

मार्ग नोंदवणाऱ्या ॲपविषयी कोणी बोलले नाही. स्ट्राव्हासारख्या ॲपवर लोक जास्त पळतात ते रस्ते गडद दिसतात, नवीन शहरात मार्ग शोधायला त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र तो गडदपणा दिवसभराच्या पळणाऱ्यांचा असतो, पहाटे साडेपाचचा नव्हे. दुसरे म्हणजे आपली नोंद सर्वांना खुली ठेवली तर आपण रोज कोणत्या दारातून किती वाजता एकटे निघतो हे कोणालाही कळते. सेटिंगमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा काही भाग लपवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लावावी. शक्यतो नोंद फक्त ओळखीच्यांनाच दिसेल अशी ठेवावी. थेट ठिकाण मात्र घरातल्या एका माणसाला दिसत राहील असे करावे. आणि भ्रमणध्वनीत 112 सोबत घरचा क्रमांक कुलूप न उघडता दिसेल असा ठेवावा. एकट्याने पळताना चक्कर येऊन पडणाऱ्याचे नाव-गाव कोणालाच माहीत नसते.

गोदाकाठ

सर्वांच्या उत्तरांवरून माझे तूर्त असे ठरले आहे. आठवड्यातील दिवशी कॅनॉल रस्ता आणि कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्यांची फेरी. डीपी रस्ता लग्नसराई नसताना आणि तोही साडेसहाच्या आतच. रविवारी तळजाई, उजाडल्यावर. पावसाळा संपल्यावर महिन्यातून एकदा सणस मैदान. शर्यतींपैकी आधी एक 10 किलोमीटरची जवळची शर्यत आणि मग डिसेंबरमधील पुण्याची अर्धमॅरेथॉन. साताऱ्याचा मोह होतो आहे, पण तो पुढच्या वर्षी. काल संध्याकाळी कॅनॉल रस्त्यावर चालत गेले होते, तेव्हा तेथे पळणाऱ्या दोघीजणी भेटल्या आणि मंगळवारी पावणेसहाला या म्हणाल्या.

शेवटची एक शंका. शर्यतीच्या आदल्या दिवशी मला कार्यालयातून सुटी मिळेलच असे नाही. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्याच दिवशी सकाळी मिळते का?

मैलाचा_दगड

मोठ्या शर्यतींत बहुधा मिळत नाही. दोन-तीन दिवस आधी ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळांत बिब वाटतात आणि त्याच्या मागे वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते, म्हणून ती दुमडू नये आणि तिच्यावर कमरेची पिशवीही बांधू नये. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवायचे असेल तर नोंदणीची पावती, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि तुमचे सहीचे पत्र त्यांच्याकडे द्यावे. ते चालते की नाही हे नियमांच्या पानावर लिहिलेले असते. बिबच्या मागे रक्तगट आणि तातडीचा क्रमांक लिहिण्याची जागा असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. घरी आल्याबरोबर बॉलपेनने भरून टाका; शाईचे पेन घामाने पसरते.